बाळाचे कान टोचायचे कुठे: सोनार, दवाखाना की गन?

प्रश्न: मुलगी अडीच महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, आपला सोनार ठरलेला आहे, येत्या रविवारी घरी बोलावू. नवऱ्याला दवाखान्यात टोचायचेत. बहीण म्हणते, सराफाच्या शोरूममध्ये गनने दोन सेकंदांत होतं, पोरगी रडतसुद्धा नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, येत्या रविवारी कुणाचंच नको. ‘कुठे’चं सांगते, पण आधी ‘कधी’चं निस्तरू. घरोघरी वाद ठिकाणावरून होतो आणि वयाचा विषय राहूनच जातो.

तुमची मुलगी दहा-अकरा आठवड्यांची. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना असते. तिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) अशा पाच गोष्टींवरचं संरक्षण येतं. कान टोचण्याशी त्यातल्या दोघांचा थेट संबंध आहे, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी. तिसरा डोस झाला, वर दोनेक आठवडे गेले, की बाळाकडे दोन्हींविरुद्ध बऱ्यापैकी बळ आलेलं असतं. धनुर्वाताची धास्ती आता पूर्वीइतकी नाही हे खरं. गरोदरपणात आईला इंजेक्शनं मिळतात आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये भारतासाठी जाहीरही झालं. पण त्याचे जंतू माती-शेणातून कुठे गेलेले नाहीत.

मला जास्त काळजी असते ती तापाची. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर आम्ही डॉक्टर ‘बघू उद्या’ म्हणत नाही. या वयात साधा संसर्ग आणि रक्तात उतरलेला संसर्ग वरून वेगळे ओळखू येत नाहीत. मग रक्ताच्या तपासण्या, लघवीची तपासणी, कधी पाठीतलं पाणी काढणं, दवाखान्यात ठेवून सलाइनमधून अँटिबायोटिक. बाराव्या दिवशी बारशालाच कान उरकून टाकायची हौस असते, त्यांना मी हेच सांगते. कानाची पाळी पिकण्यासारखी किरकोळ गोष्ट त्या वयात किरकोळ राहत नाही. आठव्या महिन्यात तीच पाळी पिकली, तर बहुतेक वेळा बाहेरून लावायच्या औषधावर भागतं.

सासूबाईंना हे पटवायला माझ्याकडे लसीकरणाच्या कार्डापेक्षा जुना साक्षीदार आहे. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाला सहावा किंवा सातवा महिना सांगितलाय, शुक्ल पक्षात. बाराव्या दिवसाचं तिथे नाव नाही. मूल मांडीवर घ्यावं, खेळणी दाखवून त्याला रमवावं, डाव्या हाताने पाळी ओढून धरावी, ऊन पाळीतून आरपार दिसतं त्या जागी उजव्या हाताने सावकाश, सरळ टोचावं, असं सगळं बारकाईने दिलंय. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा डावा. उन्हाची ती युक्ती आजही चालते, फक्त मी टॉर्च वापरते. पाळीमागे उजेड धरला की आतली बारीक रक्तवाहिनी गडद रेघेसारखी दिसते आणि खूण केसभर इकडे-तिकडे सरकवता येते. तेव्हा ‘सहाव्या महिन्यात करू, शास्त्रातच आहे’ असं म्हणा. आजेसासूबाईही गप्प बसतात, हा अनुभव आहे.

सहाव्याच्या आसपासचा काळ मलाही व्यवहाराच्या दृष्टीने बरा वाटतो. लसी झालेल्या असतात, पाळी जरा भरलेली असते आणि मूल अजून हात झटकून पळत नाही. एक ते चार वर्षांचं मूल मात्र अवघड. एक कान टोचून होतो, दुसऱ्याला ते हात लावू देत नाही आणि एका कानाची पोर घेऊन मंडळी घरी जातात. त्या वयात अडलेलं असेल तर सरळ सात-आठ वर्षांपर्यंत थांबा, ती स्वतः मागेल तेव्हा करा. घरातून रेटा नसेल तर माझं स्वतःचं मत थांबण्याकडेच झुकतं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही, मूल स्वतः कानाची काळजी घेण्याएवढं झालं की टोचा, असंच सुचवते, पण नीट टोचले तर लहान वयालाही तिची हरकत नाही. कान टोचल्याने दमा टळतो, हर्निया होत नाही, बुद्धी तल्लख होते, यातलं काही सिद्ध झालेलं नाही. कान टोचायचे ते हौसेसाठी आणि रीत म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: घरात कुणाला केलॉइड, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारी गाठ, होत असेल तर फार उशीरही नको. अकरा वर्षांनंतर कान टोचलेल्यांमध्ये अशा गाठी जास्त दिसल्याचं एका पाहणीत आढळलं आहे.

आता ठिकाण. बहिणीच्या गनपासून सुरुवात करते, कारण तिथे माझं मत सर्वांत कडक आहे. गन म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर कानातल्याची दांडीच पाळीतून आरपार ढकलणारं यंत्र. सुईला धार असते, ती कापत जाते. दांडीचं टोक त्यामानाने बोथट, ते मांस चिरडत जातं. आवाज होतो, बाळ दचकतं, दुसऱ्या कानाच्या वेळी मान हलते आणि भोक तिरकं पडतं. कधी यंत्र मध्येच अडकतं आणि कानाला लटकून राहतं. या सगळ्यापेक्षा मोठी अडचण स्वच्छतेची. जुन्या पद्धतीच्या गनचं अंग प्लास्टिकचं असतं. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाखालच्या वाफेत, घालता येत नाही, वितळेल. म्हणून दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो आणि त्याला रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा थेंबही पुरतो. चकचकीत काउंटर, एसी आणि हातमोजे बघून आपण हे विसरतो.

गनच्याच नावाखाली आता काही ठिकाणी दुसरी चीज मिळते. कानातलं आणि त्याला धरणारा भाग दोन्ही बंद पाकिटातल्या कार्ट्रिजमध्ये येतात, हाताने दाबून टोचतात आणि कार्ट्रिज तिथेच फेकून देतात. ती पद्धत बरीच बरी. पण त्यातली कानातली बहुधा मागे दाबून बसणाऱ्या फासाची असतात आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत मला हा फासाच नको असतो. टोचल्यावर पाळी सुजते, पुढून खडा आणि मागून फासा तिला दाबतात आणि चार-पाच दिवसांत मागची बाजू मांसात रुतायला लागते. आई येते ती ‘डॉक्टर, फासा पडला वाटतं, सापडत नाही’ म्हणत. पाळी दोन बोटांत धरून चाचपली की आत तांदळाच्या दाण्यासारखं कडक लागतं. फासा पडलेला नसतो, आत गेलेला असतो. मग जागा बधिर करून, छोटा छेद देऊन तो काढावा लागतो.

सोनाराबद्दल मात्र डॉक्टर मंडळी नाक मुरडतात तेवढं मी मुरडत नाही. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण उगीच पडलेली नाही. त्यांचा हात बसलेला असतो. दोन्ही खुणा एका रेषेत कशा आणायच्या हे पिढीजात सोनाराला जितकं कळतं तितकं नव्या डॉक्टरला कळत नाही. जुन्या पद्धतीत तो सोन्याच्या तारेचंच टोक घासून अणकुचीदार करतो, तीच तार पाळीतून पार करतो आणि तिथेच वळवून तिची सुंकली करतो. म्हणजे जी वस्तू टोचली ती त्याच बाळाच्या कानात राहिली, दुसऱ्या कुणाच्या कानातून आलेली नाही. या एका बाबतीत सोनार गनपेक्षा सरस. गडबड होते ती आजूबाजूला. तार पिशवीतून निघते, हात धुतलेले असतातच असं नाही, ती वळवायची पक्कड दिवसभर दुकानात वापरलेली असते, आणि पाळीला आधार म्हणून मागे धरलेलं बूच आधीच्या बाळाचंच असतं. काही जण तारेऐवजी आधी जाड सुईने भोक पाडतात. ती सुई एकच आणि सगळ्यांसाठी असेल तर तिथून उठायचं. सुई मेणबत्तीवर धरली, डेटॉलमध्ये बुडवली, एवढ्याने ती निर्जंतुक होत नाही. ज्योतीने काजळी धरते ती वेगळीच.

आणि दवाखाना म्हटला की सगळं आलं, असंही नाही. निर्जंतुक सुई तिथे हमखास मिळते, हात बसलेला असेलच असं नाही. बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे डॉक्टर, प्लास्टिक सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ यांपैकी कुणीही हे करू शकतं, पण सगळेच करत नाहीत. काही ठिकाणी डॉक्टर ‘हो’ म्हणतात आणि टोचतात सिस्टर. सिस्टरचा हात चांगला असेल तर माझी काही हरकत नाही, पण विचारून घ्या: कोण टोचणार, हे नेहमी करता का, आणि नंतर काही झालं तर दाखवायला येऊ का. माझ्या मते या तिसऱ्या प्रश्नावरच ठिकाण ठरवावं. टोचण्याचं काम दोन मिनिटांचं, भोकाची जखम भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्या दोन महिन्यांत कान कोण बघणार? शोरूमवाला बघत नाही. सोनार ‘हळद लावा’ म्हणतो. दवाखान्याचा खरा फायदा हा, सुईपेक्षाही मोठा.

माझ्याकडे कसं होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. बाळ आईच्या मांडीवर सरळ, समोर तोंड करून. आडवं किंवा एका कुशीवर असेल तर पाळीची कातडी ताणते आणि खूण फसते. पेनाने दोन्ही पाळ्यांवर टिंब काढते आणि समोरून मोबाइलवर फोटो काढून आईला दाखवते, कारण कुणाचेही दोन कान तंतोतंत सारखे नसतात आणि नंतरची कुरकुर आधीच मिटलेली बरी. टिंब पाळीच्या मधोमध. फार खाली टोचलं तर पुढे झुमक्यांच्या वजनाने भोक ओघळत जातं. वरच्या कडक भागात, कूर्चेत, तर लहानपणी अजिबात नाही. तिथे रक्तपुरवठा कमी, संसर्ग झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. मग १८ नंबरची नवी इंजेक्शनची सुई पाकिटातून आईसमोर काढते. ती बाहेरून साधारण सव्वा मिलिमीटर जाड आणि आतून पोकळ, पोकळी ०.८ मिलिमीटरची. सुई पार गेली की तिच्या तोंडात बाळीचं टोक अडकवायचं आणि सुई मागे ओढायची. सुईपाठोपाठ बाळी आपोआप भोकात येते. म्हणूनच मी आधी सांगते की बाळीची तार त्या पोकळीत मावेल इतकी बारीक आणा. हौसेने आणलेली जाड, खड्याची कुडी तिथे उपयोगी पडत नाही, ती वाढदिवसासाठी ठेवा.

दुखण्याचं म्हणाल तर टोचण्याआधी पाच मिनिटं अंगावर पाजा आणि टोचल्याबरोबर परत घ्या. तान्ह्या बाळाच्या वेदनेवर यापेक्षा सोपा उपाय नाही. बधिर करणारं मलम मिळतं, पण ते तासभर आधी, मोजून लावायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत तर फारच जपून. केमिस्टकडून आणून स्वतः थापू नका. रडं थांबावं म्हणून जमलेल्या मंडळींतून कुणीतरी बोटावर मध घेऊन पुढे येतंच. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते.

कानातलं काय घालायचं? पहिल्यांदा २२ कॅरेटची साधी, हलकी, बारीक तारेची बाळी किंवा सुंकली. हॉलमार्कवर ९१६ बघा. दागिना एक-दोन ग्रॅमपेक्षाही हलका असेल तर त्यावर हॉलमार्क नसतोही, मग ओळखीच्या सराफाकडूनच घ्या. बेन्टेक्सची, एक ग्रॅमवाली किंवा पांढऱ्या सोन्याची नको. त्यांत निकेल असू शकतं आणि ताज्या जखमेतून निकेलची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते, पुढे घड्याळाचा पट्टा आणि जीन्सचं बटणही खाजवतं. बाळी रुतत नाही कारण तिला दाबणारं मागे काही नसतं. तोटा एवढाच की टोपडं आणि लोकरीचा स्वेटर तिच्यात अडकतो, तर दोन महिने पुढून उघडणारे कपडे घाला. बाळी बंद होते तिथे कापसाचा बोळा फिरवून बघा. धागा अडकला तर टोक बोचतंय, सोनाराकडून घासून आणा. घरात कुडीचाच आग्रह असेल तर फिरकीची घ्या आणि फिरकी घट्ट करू नका, दांडी मागे-पुढे सहज सरकली पाहिजे. मूल रांगायला लागलं की फिरकी रोज बघा. गिळली तर बहुधा शीतून पडते, श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते.

आता सासूबाई, सोनार आणि नवरा या तिघांचं एकत्र कसं बसवायचं. माझ्याकडे येणारी बरीच घरं असं करतात: बाळ्या घरच्या सोनाराकडून घडवून घेतात, त्याला नारळ-सुपारी, मान काय द्यायचा तो देतात, आणि टोचायला दवाखान्यात येतात. बाळ्या आदल्या दिवशी दिल्या तर आम्ही त्या ऑटोक्लेव्हमधून काढून ठेवतो. आजीने मुहूर्त काढून आणला तर आम्ही त्या वेळेची अपॉइंटमेंट देतो, त्यात आमचं काय जातं. सोनारानेच टोचायचं यावर घर अडलंच, तर किमान एवढं करा: तार बाळाच्या सोन्याचीच आणि नवी, ती आणि पक्कड दोन्ही वीस मिनिटं उकळत्या पाण्यात, सोनाराचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले, पाळीमागे धरायला नवं बूच. चांगला सोनार याला नाही म्हणत नाही. जो ‘आमच्यात असलं काही करत नाहीत’ म्हणाला, त्याला चहा पाजून निरोप द्या.

नंतरची काळजी थोडक्यात. दिवसातून दोनदा, हात धुऊन, केमिस्टकडे मिळणाऱ्या नॉर्मल सलाइनने, म्हणजे मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, पुढून-मागून पुसायचं, खपली भिजवून काढायची. कोरडी खपली तशीच ठेवून बाळी फिरवायची नाही, आतलं नाजूक कातडं फाटतं. हळद-तेल, स्पिरिट, पावडर, कडुलिंबाची काडी, काही नको. आणि हे मालिशवाल्या बाईंना तुम्ही स्वतः सांगा. त्या तेलाचे हात कानामागून फिरवतात, मग डाळीचं पीठ चोळतात, पीठ बाळीत अडकून वाळतं आणि तिसऱ्या दिवशी कान चिघळतो. माझ्याकडे येणाऱ्या पिकलेल्या कानांमागे सुईपेक्षा हे पीठच जास्त वेळा असतं. सहा आठवडे बाळी काढायची नाही, बदलायची नाही.

पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, चिकट पिवळसर पाणी चालतं. लाली पाळीच्या वर पसरली, पू आला, हात लावताच बाळ कळवळलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. पिकलं म्हणून बाळी घरी ओढून काढू नका. भोक वरून बंद होतं आणि पू आत कोंडतो.

काही बाळांचं आधी डॉक्टरांशी बोलून मगच ठरवायचं: दिवस भरण्याआधी जन्मलेली, जन्मजात हृदयविकार असलेली, रक्त लवकर न थांबणारी, अंगावर एक्झिमा, म्हणजे खाजरा पुरळ, फुललेला असलेली. लसीच्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवसही टाळा. ताप लसीचा की कानाचा, हे कोडं कुणालाच नको असतं. परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांना एक: आल्या-आल्या पहिल्या आठवड्यात टोचून घ्या. परतीच्या आदल्या रात्री टोचलेला कान विमानात पिकला तर तिकडे अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तुमच्या तोंडचं पाणी पळतं.

तर तुमच्यासाठी: रविवारचं रद्द. १४ आठवड्यांचा डोस होऊ दे, सहावा महिना लागू दे. तोवर सोनाराला बारीक तारेच्या दोन बाळ्या करायला सांगा आणि तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा की ते स्वतः टोचतात का. नसतील टोचत तर कुणाकडे पाठवतात ते विचारा. आपल्या पेशंटला कुठे पाठवायचं नाही, हे त्यांना बरोबर माहीत असतं.